गाडी कुणाच्या नावावर

गाडीचा विमा स्वस्त पडावा म्हणून मी जे काही उद्योग केले, ते आठवले की अजूनही डोकं तापतं. आणि कुणाला बोलायची सोय नाही, कारण सुरुवात माझ्याच शहाणपणाने झाली. नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बाबांच्या नावावर घेऊ या."

मी राहते चेंबूरला. माहेर रायगडात, नागावच्या पुढे, नारळी-पोफळीच्या वाडीत. आमच्या चेंबूरच्या सोसायटीत पार्किंग नाही, गाडी रस्त्यावर उभी. आज रिक्षावाला घासून गेला, उद्या कुणा दिवट्याने किल्लीने रेघ ओढली, पावसाळ्यात चाकं बुडेपर्यंत पाणी. आणि एवढं सोसून वर्षाच्या शेवटी विम्याचा हप्ता बघावा तर तोही इतरांपेक्षा जास्त! का, तर म्हणे तुम्ही मोठ्या शहरात राहता. अरे, हौस आहे का मला?

आमच्याच मजल्यावरच्या एक काकू विम्याचं काम करतात. पहिल्या जुन्या गाडीच्या वेळी त्यांनी मला बजावलं होतं, "किरकोळ खरचटलं म्हणून क्लेम करत बसू नकोस. वर्षभर क्लेम नाही केलास की पुढच्या हप्त्यात सूट मिळते, आणि ती सूट दरवर्षी वाढत जाते." झालं. मी ते व्रतासारखं पाळलं. बंपर फाटला, तारेने बांधला. आरसा तुटला, चोरबाजारातून दुसऱ्याच रंगाचा आणून लावला. सोसायटीतले लोक हसायचे, नवरा तर माझ्या गाडीत मान खाली घालून बसायचा. पण मी एकही क्लेम केला नाही. सूट वाढता वाढता अगदी वरच्या पायरीला पोचली आणि मग त्या गाडीनेच राम म्हटला.

नवी गाडी बघायला गेलो तेव्हा शोरूममधला मुलगा सहज बोलून गेला, "मॅडम, गावचा पत्ता असेल तर पासिंग तिकडचं करा. मुंबईपेक्षा विमा कमी बसतो." माझे कान टवकारले. तशीही आमच्याकडे घरातली पहिली कोरी गाडी घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर घ्यायची रीत आहे. माझ्या चुलत्यांकडे टेम्पो आला तो आजोबांच्या नावावर, शेजाऱ्यांची सहा आसनी रिक्षा तर आजीच्या नावावर होती. मला वाटलं, विमाही वाचेल आणि बाबाही खूश होतील. नवरा म्हणाला, "अगं, ते गाडी चालवतात तरी का?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं आमच्याकडचं."

बाबा खूश झाले, यात वाद नाही. पूजेला इस्त्रीचा सदरा घातला, नारळ स्वतः फोडला, आणि आरटीओचं कार्ड आलं तेव्हा त्यावरचं मालकाचं नाव चष्मा लावून वाचलं, मग आईला वाचून दाखवलं, मग वाडीत पाणी शिंपायला आलेल्या बाईलाही. पण मला काय ठाऊक, ते प्रकरण एवढ्यावर थांबणार नाही! त्या दिवसापासून ती गाडी त्यांची झाली. आम्ही वळणावर दिसलो की गल्लीतली पोरं ओरडायची, "काकांची गाडी आली!" हप्ते माझे, पेट्रोल माझं, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास क्लच दाबून पाय माझा दुखायचा, आणि गाडी काकांची. बाबा दर रविवारी फोन करायचे. मी कशी आहे ते नंतर. आधी, "माझी गाडी उन्हात नाय ना उभी केलीस?"

एकदा तर सकाळी सकाळी फोन. आवाज घाबरलेला. "बाय, माझ्या नावावर पोलिसांचा दंड आलाय." फ्रीवेवर मी जरा जोरात चालवली असेन, त्याचा मेसेज मालकाच्या मोबाइलवर गेला. मालक कोण? बाबा. मी म्हटलं, "बाबा, मी भरते, त्यात काय एवढं." तर म्हणाले, "उभ्या जन्मात माझ्या नावाने पोलिसांचा कागद आला न्हाय. तू हळू चालव नायतर गाडी इकडं आणून ठेव." म्हणजे आता मला माझ्याच गाडीतून काढून टाकायची तयारी!

तरी मी हे सगळं हसून घालवत होते. डोकं फिरलं ते विम्याच्या नूतनीकरणाला. मी काकूंकडे कागद घेऊन गेले. त्यांनी आकडा बघितला, परत बघितला आणि म्हणाल्या, "तुझी ती सूट कुठे गेली?"

"कुठली?"

"अगं, जुन्या गाडीवर साठवलेली! एवढी वर्षं तारा बांधून हिंडलीस ती कशासाठी?"

मी म्हटलं, लावली असेल ना त्यांनी नव्या गाडीला. काकूंनी कपाळावर हात मारला. मग मला लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. ही सूट गाडीला मिळत नाही, माणसाला मिळते. ती माझी होती, माझ्या नावावरच्या कुठल्याही नव्या गाडीला लागली असती. पण गाडी बाबांच्या नावावर, म्हणून विमाही बाबांच्या नावावर, आणि बाबांनी आयुष्यात कधी विमाच घेतलेला नव्हता, तर त्यांची सूट अगदी तळाच्या पायरीपासून सुरू. गावच्या पत्त्यामुळे माझं जे वाचलं ते इतकं फुटकळ होतं की काकूंनी ते बोलूनही दाखवलं नाही. आणि त्यासाठी मी हातातली भली मोठी सूट घालवून बसले होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवरा काही बोलला नाही, पण तो मुद्दाम बोलत नव्हता हे मला दिसत होतं, आणि त्याचा जास्त संताप आला.

काकू म्हणाल्या, अजून वेळ गेली नाही. साठवलेली सूट तीन वर्षं जिवंत राहते. त्याच्या आत गाडी माझ्या नावावर करून घ्यायची. नंबर रायगडचाच राहू दे, फक्त मालकाचं नाव बदलायचं. बाबांच्या सह्या हव्यात, बस.

बस म्हणे!

पहिल्यांदा फॉर्म घेऊन गेले तेव्हा बाबांचा चष्मा सापडेना. तो त्यांच्या डोक्यावर होता. मी दाखवला तर म्हणाले, "हा जवळचा न्हाय, लांबचा हाय." दुसऱ्यांदा गेले तर पितृपक्ष. "या दिवसांत असला व्यवहार कोण करतं का? शिकलेली ना तू?" तिसऱ्यांदा म्हणाले, अलिबागला एक वकील ओळखीचा आहे, त्याला विचारून बघतो. एका सहीसाठी वकील! त्या वकिलाला मी शोधून फोन केला, तर त्याला बाबा गेल्या शिमग्यानंतर भेटलेलेच नव्हते. आईला म्हटलं, तू तरी सांग त्यांना. आई सुपाऱ्या सोलत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." पुढचा हप्ता मी माझी ती सूट न लागताच भरला. भरताना अक्षरशः दात खात होते.

तीन वर्षं संपायला आली तशी काकूंनी फोनचा धडाका लावला. मी शनिवारी भल्या पहाटे निघाले, थेट माहेरी. ठरवूनच गेले होते की आज सही घेतल्याशिवाय उठायचं नाही. जेवणं झाली, बाबा ओटीवर पान लावत बसले. मी फॉर्म पुढ्यात ठेवला, पेन उघडून हातात दिलं.

बाबा म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे."

आणि माझा तोल सुटला. "आज नाही, उद्या नाही, मग कधी? गाडी माझी आहे बाबा! पैसे मी भरते, हप्ते मी भरते, विमा मी भरते. तुम्हाला चालवता येत नाही, ब्रेक कुठला नि क्लच कुठला ते माहीत नाही, आणि तुमच्या हट्टापायी मी दरवर्षी दुप्पट भरतेय. काय अडतंय तुमचं एका सहीने?"

शेजारच्या वाडीतला पंप चालू होता, तो तेवढ्यात बंद झाला, त्यामुळे माझा आवाज पार गल्लीपर्यंत गेला असणार. आई आतून दारात आली.

बाबांनी पान तसंच तबकात ठेवलं. "माझ्या नावावर काय हाय, सांग बघू," ते म्हणाले. मला कळेना. "सांग ना. घरपट्टी कुणाच्या नावावर येते? आजाच्या. मरून किती वर्षं झाली त्याला? लाइटचं मीटर? थोरल्या भावाचं. गॅस तुझ्या आयशीच्या नावावर. आणि वाडी?"

वाडीचं मला ठाऊक होतं. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की कागदाचं एक पान पुरत नाही. पणजोबांचे सगळे वंशज त्यात आहेत, मुंबईत असलेले, बडोद्याला गेलेले, ज्यांनी ही वाडी डोळ्यांनी पाहिली नाही असेसुद्धा. राबणारे एकटे बाबा. वादळात निम्मी वाडी आडवी झाली तेव्हा बाबा पडलेल्या पोफळींमधून डोक्याला हात लावून फिरत होते, ते मी पाहिलं आहे. मग नुकसानभरपाई आली.

"ज्या पोफळी मी पोरांसारख्या वाढवल्या," बाबा म्हणाले, "त्याचे पैसे नावांपरमानं वाटले. बडोद्याच्याला जेवढे तेवढेच मला. तलाठ्याला म्हटलं, साहेब, पाणी मी घातलं. तो म्हणाला, काका, कागदावर पाणी दिसत नाही. त्याचं तरी काय चुकलं? ही गाडी एक हाय, जिच्यावर माझं एकट्याचं नाव हाय. लोक विचारतात कुणाची, मी सांगतो माझी. खोटं बोलत न्हाय. कागद हाय."

खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटण्याआधी रागच आला. हे तीन वर्षांत एकदा तरी सांगता आलं असतं ना? चष्मा, पितृपक्ष, वकील, हे सगळं कशाला? सरळ सांगितलं असतं तर मी काय ऐकलं नसतं? आणि त्याच वेळी डोक्यात काकूंचा आवाज चालू होता की या महिन्यात झालं नाही तर सूट गेलीच समज. मी म्हटलं, "बाबा, कागदावर नाव बदललं म्हणून गाडी काय परकी होणार आहे का? तुमचीच राहील ती." हे मी अगदी मनापासून म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा खाली ओढला, फॉर्म मांडीवर घेतला आणि जिथे जिथे मी बोट ठेवलं तिथे तिथे सही केली. त्यांची सही म्हणजे पूर्ण नाव, आडनावासकट, एकेक अक्षर कोरून. मला घाई होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, आवरा, आवरा.

नाव बदललं. सूट मिळाली. काकूंनी पेढे मागितले, मी दिले. नवरा म्हणाला, "जिंकलीस." हप्ता इतका खाली आला की मी तो आकडा दोन-चार जणांना फोन करून सांगितला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर महिन्याभराने गावी गेले. संध्याकाळी शेजारच्या काकी आल्या. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते, दुसऱ्या दिवशी अलिबागला दाखवायला न्यायचं होतं. अशा वेळी त्या नेहमी बाबांनाच विचारायच्या आणि बाबा मला न विचारता हो म्हणायचे, याचाही मला कितीदा वैताग आलेला आहे. काकी म्हणाल्या, "भावजी, सकाळी गाडी मिळंल का?"

बाबा म्हणाले, "मला काय विचारता वयनी? गाडी बायची हाय. तिला विचारा."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. मी घाईघाईने म्हटलं, "अहो काकी, विचारता काय, नेऊ की." बाबा उठून आत गेले.

सकाळी मी गाडी दारात आणली. काकी आणि त्यांची सून मागे बसल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी. मी रिव्हर्स टाकणार तोच बाबा आतून आले, हातात पिशवी, अंगात धुतलेला सदरा. माझ्या खिडकीपाशी येऊन थोडे वाकले, रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीवाल्यासमोर वाकावं तसे.

"बाजारात जायचं होतं," ते म्हणाले. "जागा हाय का?"

मी मान हलवली. बाबा वळसा घालून पलीकडे गेले आणि बंद दारापाशी हात न लावता उभे राहिले, मी आतून उघडेपर्यंत.