म्हशीचं शेपूट सोडल्यावर

जरीना पोहायला शिकली ती पिराजी गवळ्याच्या म्हशीचं शेपूट धरून. पंचगंगेवर म्हशी डुंबायला आल्या की घाटावरची पोरं शेपटांना लोंबकळायची. त्यांत ही एकटीच पोरगी. एकदा म्हैस मध्येच माघारी वळली. जरीनाला पलीकडं जायचं होतं, म्हणून तिनं शेपूट सोडून दिलं आणि गेली. आई हुसेनबी घाटावर धुणं धूत होती. पोरगी सुखरूप परत येईपर्यंत ती थांबली, मग धोपाटण्यानंच बडवली.

वडील बाबालाल भांड्यांना कल्हई लावायचे. बडवून पोरगी पाण्याबाहेर राहत नाही म्हटल्यावर त्यांनी नाद सोडला.

१९६६ साली एका तालमीनं नदीत शर्यत लावली. मुलींना बंदी, असं नियमांत कुठंच नव्हतं, कारण मुलगी येईल हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जरीना भावाचा सदरा-पायजमा घालून उतरली आणि पहिली आली. पंच गोंधळले. एकानं तोडगा काढला, की दुसऱ्या आलेल्या पोरालाच पहिला धरू, नाहीतर त्याचं मन मोडेल.

बाबालाल गर्दीतून पुढं आले. "मोडू द्या की. लग्नाआधी एकदा मोडल्यालं बरं असतंय."

लोक हसले आणि पंचांचा नाइलाज झाला. बक्षीस होतं दाढीचं सामान. ते बाबालालनी दुसऱ्या दिवसापासून वापरायला काढलं.

पुढं ती राज्य स्पर्धेला पुण्याला गेली. तिथल्या तलावाचा तळ स्वच्छ दिसत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पाण्याची भीती वाटली. तरी भिंतीला पहिला हात तिचाच लागला. ती ऐटीत वर चढून बसली. बाकीच्या पोरी मात्र वळून परत निघाल्या. परतही यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नदीत पलीकडचा काठ आला की शर्यत संपायची. एसटीत ती कोल्हापूरपर्यंत रडली. मग वर्षभर एका विहिरीत दगडी भिंतीवर पाय सोलून वळायला शिकली आणि पुढच्या खेपेला रुपेरी पदक घेऊन आली. पेपरात फोटो छापून आला, सत्कार करणाऱ्या पुढाऱ्याचा. जरीनाचा कोपर दिसत होता.

लग्न कागलच्या इमाम शिंप्याशी झालं. सासूनं पहिल्याच आठवड्यात पोहणं बंद केलं. नवरा बायकोच्या बाजूचा होता, पण आईसमोर त्याला आवाज फुटत नसे. पोरंबाळं झाली. धुण्याच्या बादलीत हात घातला की जरीना तो लवकर बाहेर काढत नसे.

सासू वारल्यावर बिऱ्हाड कोल्हापुरात आलं. १९७९ साली एका तलावावर बायकांसाठी वेळ ठेवली, आणि शिकवायला जरीना गेली. इमामनंच पोहायचे कपडे शिवून दिले. पहिल्याच दिवशी कुंपणावर पुरुषांची रांग बसली. जरीना ओल्या अंगानं त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पावणं, लांबनं काय दिसतंय? आत या, शिकवतो की. येतंय का कुणाला पवायला?"

कुणालाच येत नव्हतं. कुंपण रिकामं झालं.

काही वर्षांनी तिच्या हाताखालची एक पोरगी राज्यात पहिली आली आणि पदक गळ्यात घालून पाया पडायला आली. जरीनानं तिला पोटाशी धरलं. मग म्हणाली, "श्वास घेताना तोंड लई वाकडं करतीस बघ."