सब ठीक

कसे आहात म्हणून विचारायची खोटी, सुभेदारकाका रबरी चपलांच्या टाचा जुळवायचे आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, ‘सब ठीक!’ मग हातात दुधाच्या पिशव्या असोत नाहीतर केराचा डबा. उभी हयात तोफखान्यात गेलेली, हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

आमच्या देवळाली कॅम्पात रिटायर फौजी पैशाला पासरी. पण बायकोशेजारी फतकल मारून मेथी निवडणारा सुभेदार तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहायची. काड्यासुद्धा एका रांगेत लावायचे. काकू मला डोळा घालून म्हणायच्या, ‘बघ गं, मेथीची परेड चाललीय.’ आता दोघंही नाहीत. आधी काकू गेल्या, वर्षाच्या आत काका.

घरातला रिवाज मला काकूंनीच सांगितला होता. नवरा सीमेवर असताना घरचं वाईट काही कळवायचं नाही. मोठ्या लेकीला टायफॉइड झाला, गावाकडच्या घराची भिंत पडली, बाईनं एकटीनं निस्तरलं आणि फोनवर सांगितलं, ‘इकडं सगळं बरंय.’ काकाही तिकडून तेच सांगायचे. ‘पहाऱ्यावरच्या माणसाच्या डोक्याला घोर कशाला?’ काकू म्हणाल्या. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं. कौतुक कसलं, डोंबल!

कारण काका रिटायर होऊन घरी आले, तरी रिवाज काही रिटायर झाला नाही. काकूंच्या छातीत गाठ आली तेव्हा धाकटीचं लग्न ठरलं होतं. काका हॉल, आचारी, मांडव करत नुसते उड्या मारत होते. बाई गप्प. लग्न झालं, पूजा झाली, पाहुणे गेले, तरी गप्प. कळलं तेव्हा दुखणं पार हाडांत उतरलं होतं.

त्यानंतर काकांकडे बघवत नव्हतं. डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणायचे, ‘साहेब, काहीतरी करा हो, कुठंही न्यायला सांगा.’ कुणी त्र्यंबकच्या वैद्याचं नाव घेतलं की स्कूटर तिकडे, कुणी सटाण्याकडच्या झाडपाल्याचं सांगितलं की तिकडे. एकदा जिन्यात बसून ढसाढसा रडत होते.

‘ताई, दोन वेळा समोरासमोर जेवतो आम्ही. मला कसं नाही सांगितलं तिनं? मी काय परका होतो?’

राग आला होता मला. त्यांचा, काकूंचा, त्या मेल्या रिवाजाचा.

आणि काकू अजूनही सांगत नव्हत्याच. डॉक्टर विचारायचे, किती दुखतंय? त्या मान हलवायच्या, नाही म्हणून. चादर मुठीत धरलेली, कपाळावर घाम, आणि म्हणे नाही! ‘त्या बोलल्याशिवाय औषध किती वाढवायचं ते ठरवू कसं?’ डॉक्टर वैतागून म्हणाले. काका भिंतीवर डोकं आपटायचेच बाकी होते.

शेवटच्या आठवड्यात मी पेज घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका पलंगापाशी जमिनीवर बसले होते आणि, खोटं वाटेल तुम्हाला, हळू बोलत होते.

‘बर्फात पायाची दोन बोटं गेली माझी, तुला पेटी पडून चेंगरली म्हणून सांगितलं. आमचा एक जोडीदार माझ्या मांडीवर गेला. त्याच संध्याकाळी मी तुला फोन करून पोरींचे मार्क विचारले. भीती वाटायची गं मला. रोज वाटायची.’

एकेक काढून सांगत राहिले. मग काकूंचा हात गालाशी धरून म्हणाले, ‘माझं सांगून झालं. आता तू सांग.’

मग काकूंचा चेहरा लहान पोरीसारखा वेडावाकडा झाला.

‘दुखतंय हो,’ त्या म्हणाल्या. ‘लय दुखतंय.’

‘हां, सांग. सगळं सांग,’ काका त्यांचे डोळे पुसत म्हणाले. ‘मी घरीच आहे आता.’