दोन चाकं आणि एक दांडी

शनिवार माझा आवराआवरीचा. काल मुलाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या जॉयस्टिकची दांडी पुसताना सहज कलवून पाहिली आणि दुष्काळातलं तलवाड्याच्या आमच्या घराचं अंगण आठवलं.

माझे वडील, अण्णा, सैन्यात विमानविरोधी तोफेवर होते. जुनी तोफ हातानं फिरवायच्या दोन चाकांनी वळायची, एक आडवं वळवायला, एक वर-खाली करायला. चाक फिरवाल तेवढीच वळायची. नव्या तोफेला एकच दांडी होती. ती जरा जास्त कलली की तोफ विमानाच्या पुढं पळायची. ते सुट्टीवर घरी आले होते; सुट्टी संपली की नव्या तोफेची परीक्षा होती, आणि नापास झाले तर तोफेवरचं काम हातचं जाणार होतं. म्हणून ज्वारीच्या डब्यात लाटणं रोवून अण्णा ते दोन बोटांनी हलकेच कलवत बसायचे. नजर मात्र सोसायटीच्या टँकरवरून घागर आणणाऱ्या आईवर असायची.

"आवं, बायकोवर नेम धरतेत व्हय कुणी?"

"तू चाल गप. इमान हायस तू."

"मग इमानाला च्या कोण पाजायचं?"

बोलता बोलता ती मधेच थांबायची, एकदम वळायची, बाभळीला वळसा घालायची. डब्यातली ज्वारी करकरत राहायची.

अण्णा पास झाले. आई त्यांची थट्टा करते, असं मला तेव्हा वाटायचं. आता कळतं, सरळ चालणारं विमान त्यांच्या काही कामाचं नव्हतं. म्हणून त्या उन्हात, डोक्यावर भरली घागर घेऊन, ती घरची वाट लांब करत होती.