डॉलरची खूण

यूएईतल्या फुजैरा बंदरातल्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे दोघंच, काका आणि मी. काका रत्नागिरीचे. उमेदीची वर्षं बोटीवर काढून मग इथे आले होते. बंदरात येणाऱ्या जहाजांना भाजीपाल्यापासून दोरखंडापर्यंत सगळं पुरवायचं, हा आमच्या कंपनीचा धंदा. त्यातली कोटेशनं काका करायचे. मी शेजारच्या टेबलावर डेटाबेस सांभाळायचे. नवऱ्याची टर्मिनलवर शिफ्ट असली की सुट्टीचा दिवस मी लेकीला घेऊन काका-काकूंकडे घालवायचे.

जहाजांशी सगळा व्यवहार डॉलरमध्ये. पण डेटाबेसच्या किमतीच्या रकान्यात नुसता आकडा साठवलेला असतो. त्याच्या आधी दिसणारी चलनाची खूण कॉम्प्युटर आपल्या सेटिंगप्रमाणे लावतो. आमची मशीनं पहिल्यापासून अमेरिकन सेटिंगवर होती, म्हणून डॉलर दिसायचा. हे कुणाच्या गावीही नव्हतं. डेटाबेस मी यायच्या आधीचा, बनवणारा कधीच कॅनडाला गेलेला.

एका सकाळी दुबईच्या हेड ऑफिसमधून आयटीचा माणूस आला. तारखा उलटसुलट दिसतात म्हणून त्याने सगळ्या मशीनचं सेटिंग यूएईचं केलं, "खलास, मॅडम," म्हणाला आणि गेला. दुपारी काकांनी एका जहाजाचं मोठं कोटेशन पाठवलं. आकडे नेहमीसारखे ओळीवर बोट ठेवून तपासले. आकडे बरोबरच होते. फक्त प्रत्येकाच्या आधी डॉलरच्या जागी इथलं चलन, दिरहम, आला होता, आणि तिकडे बघायची इतक्या वर्षांत कधी वेळच आली नव्हती.

जहाजवाल्यांनी ताबडतोब होकार कळवला. माल चढला, जहाज गेलं. हेड ऑफिसने नेहमीप्रमाणे डॉलरमध्ये बिल पाठवलं तेव्हा त्यांनी कोटेशन पुढे केलं: यात लिहिलंय तेवढेच देऊ. एका डॉलरला साडेतीनच्या वर दिरहम. म्हणजे माल जवळपास पाव किमतीत गेला होता.

मॅनेजर केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांसमोर ओरडला, "इतने साल से काम करते हो और करन्सी नहीं दिखती? उमर हो गई तो घर बैठो!"

काकांनी कागद हातात घेतला. "दिरहम कसा आला?" एवढंच मराठीत म्हणाले, माझ्याकडे बघून. मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं! संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला.

दुसऱ्या दिवशी मी शोधून काढलं. रकान्याचा फॉरमॅट 'करन्सी' असा तयार पर्यायातला होता. तो काढून तिथे डॉलरची खूण टाइप केली, मग फॉर्मवर आणि छापायच्या कोटेशनवरही. आता मशीन कुठल्याही देशाच्या सेटिंगवर असो, डॉलर हलणार नव्हता. चहा गार व्हायच्या आत काम झालं. इतकं सोपं होतं, याचंच जास्त वाईट वाटलं. मॅनेजरला दाखवलं. तो म्हणाला, "अच्छा, ऐसा था क्या. बोलो उनको, कल से आ जाएँ."

मी धावत बाहेर जाऊन फोन लावला. "काका, चूक तुमची नव्हती! सेटिंग बदललं होतं. मी आता डॉलर पक्का करून टाकलाय. उद्यापासून या म्हणतायत."

"त्यांनी सांगितलंय तुला?"

"हो."

"स्वतः का नाही केला फोन?"

मी वळून ऑफिसच्या दाराकडे बघितलं.

"राहू दे गं," काका म्हणाले. "ते सगळ्या फॉर्मांवर केलंस ना? पुढच्याला त्रास नको."

मॅनेजरने फोन केलाच नाही. काकांचा व्हिसा रद्द झाला, सामान कार्टनमध्ये गेलं. निघताना काकूंनी कढीपत्त्याची कुंडी माझ्याकडे दिली. काका खाली गाडीपाशी ड्रायव्हरशी बोलत राहिले.

काही वर्षांनी, गेल्या मे महिन्यात, आम्ही रत्नागिरीला त्यांच्याकडे गेलो. काका नवऱ्याशी टर्मिनलबद्दल, कोळंबीच्या भावाबद्दल भरभरून बोलले. ऑफिसचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मनात असूनही मला काढवेना. लेक त्यांच्या मांडीवर बसून मराठी बोलायला शिकली होती. काकांनी तिला विचारलं, "सोलकढी घेतेस ना, बाळा?"

"नो थँक यू, अंकल," ती म्हणाली.

मग काका इंग्रजीतच तिला तिच्या शाळेबद्दल विचारू लागले.