मंगळाला लावलेल्या अक्षता

मी फारसं बोलणारा माणूस नाही. घरात म्हणतात, ह्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी लागते. त्यामुळे मी गप्प राहिलो याचं कधी कुणाला नवल वाटलं नाही. अबोल माणसाची ही मोठी सोय असते. तो काही लपवतोय, हे ओळखूच येत नाही.

तारापूर म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे एवढं कळलं तरी पाहुणे आवाज खाली आणून विचारतात, "किरणांचं वगैरे काही नाही ना?" तसलं काही नाही. मी जंतू मोजतो. आमच्या लहानशा कारखान्यात धातूचे बारीक सुटे भाग तयार होतात, एका बंद, गाळलेल्या हवेच्या खोलीत धुतले जातात आणि पिशवीत सील होतात. सील होण्याआधी त्यांच्यावरून ओली कापसाची काडी फिरवायची, तिला जे चिकटेल ते काचेच्या बशीत वाढवायचं आणि काय उगवतं ते बघायचं, हे माझं काम.

बहुतेक माल औषधवाल्यांचा. बऱ्याच वर्षांपूर्वी मात्र एक वेगळी ऑर्डर आली. नखाएवढी झाकणं, आतून बारीक आटे पाडलेली. मंगळावर उतरणाऱ्या यंत्रातल्या एका डबीवर ती बसणार होती. त्या डबीत तिथली माती भरून, तिथे कधी काही जिवंत होतं का, हे तपासायचं होतं.

ग्राहकाकडून एक बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना, झाडूवाल्यापासून मालकांपर्यंत, एका खोलीत बसवून समजावलं. म्हणाल्या, "आपण तिथे जीव शोधायला चाललोय. आपलेच जंतू सोबत गेले, तर इतक्या लांब जाऊन आपण आपल्यालाच भेटून परत येऊ. आणि तिथलं खरंच काही असलं, तर त्याचा जीव घेऊन येऊ."

माझ्या शेजारी धुलाईची मावशी बसली होती. पाम गावाच्या पलीकडे डोंगराकडच्या पाड्यावरून यायची. टोपीत केस कोंबता कोंबता माझ्या कानाशी म्हणाली, "म्हंजे दुसऱ्याच्या लग्नाला जायाचं आन् आपलाच डबा खाऊन यायाचं."

मी हसलो. मला हसवणारी त्या कारखान्यात ती एकटीच होती.

मावशीचा हात फार स्वच्छ. हे मी मनाने म्हणत नाही. माझ्या बशीवर दर महिन्याला सगळ्यांच्या हातमोज्यांचे ठसे घेतले जात आणि तिची बशी बहुतेक वेळा कोरी निघायची. ती झाकणं चाळणीत घेऊन पाण्यात हलवायची तेव्हा तोंडाने चालूच असायचं. "काय ओ भाऊ, तुमच्या लगनात तुमाला तरी येवढं घासलं होतं का?" कधी झाकणांनाच म्हणायची, "न्हाऊन घ्या गं बायांनो, सासर लांब हाय."

सासर लांब आहे, हे माझ्याही डोक्यात बसलं होतं. तेच नडलं.

माझी आई दातिवऱ्याच्या बाजूला आमच्या वाडीत राहायची. पानवेल, थोडी केळी, कडेला झेंडू. घरातून कुणीही लांब निघालं की तिचं ठरलेलं असे. कपाळाला कुंकू, डोक्यावर चार अक्षता, आणि जाणाऱ्याने "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. एकदा मामा पाठ फिरवताना "जातो गं" म्हणाला, तर तिने त्याला अंगणातून परत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा निघायला लावलं. झाकणांची ऑर्डर आली त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. दसऱ्याला मी निघताना तिने उशाखालून पुडी काढून दिली. झेंडूच्या दोन पाकळ्या, कुंकू लावलेले तांदूळ. "तुझं ते मंगळाचं निघालंय ना? त्याला लाव," म्हणाली. "परत येणार नाही म्हणतोस. तरी लाव."

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथला हार, कॉम्प्रेसरला हळदीकुंकू, मालकांच्या गाडीपुढे नारळ. बंद खोलीला मात्र बाहेरच्या दारावरच तोरण. आत फूलपान न्यायचं नाही, हा नियम मीच लिहून लावलेला. पेढे वाटून झाले, लोक पांगले. मी अंगावर पांढरा झगा चढवला आणि आत गेलो. पुडी झग्याखाली शर्टाच्या खिशात होती.

झाकणं ताटलीत वाळत ठेवलेली होती. मी हातमोजा काढला. अनामिकेने एका झाकणाला कुंकू लावलं, वर चार दाणे सोडले आणि म्हणालो, "या हो." एवढंच. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. आईचं काही तरी त्या काळोखात जाईल, असं वाटलं.

मग ते लाल बोट दिसलं आणि माझं मलाच कळेना, आपण काय केलं. मी दाणे वेचले. फडक्यावर स्पिरिट घेऊन झाकण पुसलं. घाबरलेला माणूस जास्तीच पुसतो. त्याच फडक्याने मी ताटलीतली बाकीची झाकणंही पुसून घेतली.

स्पिरिटने बरेच जंतू मरतात. पण काही जंतू जगायला कठीण झालं की स्वतःभोवती टणक कवच करून पडून राहतात. त्यांना स्पिरिट बाधत नाही, कोरडेपणा बाधत नाही, आणि पृथ्वीबाहेरही टिकून राहतील अशी भीती वाटावी असे हेच. ते मातीत असतात, पेंढ्यात असतात आणि तांदळावर तर असतातच. हे सगळं मला परीक्षेसाठी पाठ होतं. पूजेच्या वेळी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी भातकापणीची रजा संपवून आली आणि तिने ती ताटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी नेहमीसारखी काडी फिरवली. बशा उबवायला ठेवल्या. दोन दिवसांत त्या भरून आल्या. कोरडे, पसरट, कडा फाटलेले पांढरे ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची गरजही नव्हती, तरी पाहिलं.

आमच्या खात्याच्या साहेबांनी विचारलं, "हे आलं कुठून?"

मी म्हणालो, "मातीतले आहेत साहेब. पेंढ्यात, भातात सापडतात."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी फक्त खरं अर्ध्यावर थांबवलं. पुढचं साहेबांनी स्वतःच जुळवलं. भातकापणीहून कोण आलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशी म्हणाली, "मी त्या दिवशी आंगोळ करून आल्ती साहेब. हात घ्या ना माझे. भाऊ, माझे हात घ्या बशीवर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आता घेऊन काय उपयोग?"

धुलाईच्या बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन गेला. तो आला आणि दारातूनच म्हणाला, "कल से मत आना, मौसी." झालं. तिने टोपी काढून घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. "येते" म्हणाली नाही. तिच्याबरोबर टमटममधून येणाऱ्या बायकांनी आठवड्याभरात तिला नाव पाडलं, जंतूबाय. गंमत म्हणून. ते नाव पाड्यावर पोचलं.

झाकणं पुन्हा धुतली, भट्टीत तापवली, पुन्हा तपासली. बशा कोऱ्या निघाल्या आणि माल गेला. ग्राहकाकडेही पुन्हा स्वच्छता होणार होती. तेव्हा माझं बोट मंगळापर्यंत पोचलं नसणार. नसणारच. पण आट्याच्या खाचेत काय अडकून राहतं ते मी इतकी वर्षं पाहतो आहे. जंतू मेला तरी त्याचे अवशेष उरतात, आणि अशा बारीक खुणाच तर तिथे शोधायच्या असतात. म्हणून तिकडच्या एखाद्या खडकात जीवसृष्टीची खूण असू शकते अशी बातमी आली की मी टीव्ही बंद करतो. बायको म्हणते, "अहो, आनंदाची बातमी आहे, तुमचं तोंड का असं?" मी म्हणतो, ॲसिडिटी.

या मंगळाच्या धास्तीखाली मी कित्येक वर्षं काढली. आता उघड बोलायचंच तर, ती धास्ती मला आवडत होती. एवढ्या मोठ्या ग्रहाचा अपराधी असणं यात एक ऐट आहे. आणि मंगळ कधी समोर येऊन विचारत नाही. मावशी पामच्या पलीकडे राहत होती. सायकलवरून जाता आलं असतं.

गेल्या श्रावणात ती मला बोईसरच्या बाजारात दिसली. सागाच्या पानावर कंटोळ्यांचे वाटे लावून बसली होती. केस पिकलेले. मी वळणार होतो, पण तिने हाक मारली.

"ओ भाऊ! वळख इसरलात?"

मी बसलो. आई गेल्याचं सांगितलं. तिने हळहळ केली, एक वाटा माझ्या पिशवीत ओतला, वर मूठभर जास्त टाकला. मग हसून म्हणाली, "खाल ना? का माझ्या हाताला जंतू हायेत?"

तिचं हसू जुनंच होतं. टोमणाही पुष्कळ वापरून गुळगुळीत झालेला वाटला. मी पैसे दिले आणि उठलो. घरी कंटोळ्यांची भाजी झाली. मी ती ताटाच्या कडेला सारत राहिलो. बायकोने मिठाचं विचारलं, मी बरोबर आहे म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्याच जागी जाऊन मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. पुडी, कुंकू, फडकं, साहेबांना दिलेलं उत्तर. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, तेवढ्यापुरता थांबलो.

ती बराच वेळ वाटे नीट लावत राहिली. नीटच होते ते.

"अक्षता," ती म्हणाली. "येवढं आमाला घासाय लावलं आन् तुमी वर अक्षता टाकल्या."

"हो."

"मंग उगवल्या का तिकडं?"

"नाही मावशी. तसं नाही उगवत."

"नायच उगवणार. तांदूळ तो. तुसातलं भात थोडंच हाय?" ती हसली नाही. "मी घरी जाऊन हात घासायची, भाऊ. राखेनं. सून जेवायला वाढू देत नव्हती पोरांना. मलाबी वाटाय लागलं, आसंल कायतरी माझ्या हाताला."

मी म्हणालो, "मी मालकांना लिहून देतो."

"मालक काय माझा सोयरा हाय? त्या बायांना सांगा. टमटमवाल्या. त्यांच्या तोंडात हाय ते नाव."

पाय बधिर झाले होते. मी उठलो आणि सवयीने म्हणालो, "येतो मावशी."

आमच्याकडे यावर समोरचा "या" म्हणतो. तिने मान वर केली. तो शब्द तिने जिभेवर थोडा थांबवला.

"सांगून या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या आधी मी गेटबाहेर जाऊन उभा राहिलो. टमटम लागलेली होती. बायका नेहमीसारख्या बोलत, डबे वाजवत बाहेर आल्या. पुढे ती होती, जिने जंतूबाय हे नाव पहिल्यांदा काढलं होतं. मला बघून थबकली.

"काय भाऊ, आज हिकडं कुठं?"

"जरा थांबा सगळ्या," मी म्हणालो. "मावशीच्या हातांबद्दल सांगायचंय."