उमरेडचं घर, गच्चीवरून

लेक गोपिका स्वतः सासर बघायला निघाली आहे हे ऐकल्यावर कुसुमताईंनी लाटणं पोळपाटावर आपटलं.

"असं कुठं असतं का? घर बघायला मोठी माणसं जातात."

"मोठी माणसं चहा पिऊन येतात," वामनराव म्हणाले. "ही बघून येईल."

स्थळ तसं चांगलं होतं. मुलगा मधुकर बँकेत, उमरेडला स्वतःचं घर, वर गच्ची. गोपिकाची अट एकच होती: नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी ती सोडणार नव्हती. त्याच वर्षी, चौऱ्याऐंशी साली, ती पर्मनंट झाली होती. 'घरात आम्ही मायलेक दोघंच, खुशाल नोकरी करू द्या,' असा निरोप मुलाच्या आईकडून आला होता. तो खरा की नुसता गोड, एवढंच बघायचं होतं.

बघायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. वामनराव खडकांचा अभ्यास करणारे सरकारी शास्त्रज्ञ. विमानातून काढलेले जमिनीचे दोन फोटो शेजारी ठेवून ते दोन भिंगांतून पाहत, आणि सपाट कागदातून टेकडी वर येई. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि त्यांना अचानक दिल्लीला बोलावणं आलं. 'टूर आहे,' एवढंच सांगून ते गेले. गोपिका तेव्हा दहा वर्षांची. ब्लॅकआउटसाठी आईबरोबर खिडक्यांना काळे कागद चिकटवताना शेजारच्या रंभाबाई विचारायच्या, "काहून वं, तुहे बाबा कुठी गेले? लढाई चालू हाय अन् साहेब गोटे पाहून राहिले!" आख्खी चाळ हसायची. गोपिका रडवेली होऊन चिकटवलेला कागद पुन्हा चिकटवायची.

विमानांनी टिपलेले शत्रूच्या मुलखाचे फोटो वाचायला लष्कराने अशा माणसांना बोलावलं होतं, हे पुष्कळ पुढे मामांकडून कळलं. वामनरावांनी स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. परत आल्यावर मात्र ते तिला गच्चीवर नेऊन एक खेळ खेळू लागले.

"सांग, समोर काय चाललंय?"

"रंभाबाईंकडे पाहुणी आलीय. नऊवारी वाळतंय, आणि त्या तर पाचवारी नेसतात."

"राहणार आहे की जाणार?"

"राहणार. जादाची गादी उन्हात टाकलीय!"

उमरेडला पार्वतीबाईंनी, मधुकरच्या आईने, मोठ्या कौतुकाने गच्ची दाखवली. "पाहा, कसं मोकळं हाय!" वामनराव लांबवर दिसणारे खाणीतल्या मातीचे ढीग बघत राहिले. गोपिका पाण्याच्या टाकीमागे गेली. तिथे आडोशाला कपडे वाळत घालायची दोरी होती.

खाली आल्यावर कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी पुढे आली. गोपिकाने एक वडी घेतली आणि विचारलं, "आजोबा कधीपासून अंथरुणावर आहेत?"

पार्वतीबाईंच्या हातातली बशी तिथेच थांबली. "कोनं सांगितलं तुले?"

"कोणी नाही, मावशी. दोरीवर रबरी चादर आहे, धोतराचे फाडलेले तुकडे आहेत. आणि घरात तान्हं मूल तर नाही."

मधुकरने मान खाली घातली. "आई, मी म्हटलं होतं तुले, सांगून टाक."

"सांगून टाक म्हने! सांगितल्यावर कोन आली असती?" पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. साबणाने त्यांची बोटं पार उलून गेली होती. "एकटीनं किती करू मी? येनारीनं दोन-चार वर्षं नोकरी नाई केली तर काय बिघडते वं?"

गोपिकाला त्यांची कीव आली. पण उत्तरही मिळालं.

"माझं बिघडतं, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. मग मधुकरकडे वळली. "आजोबांचं तुम्ही करत जा की. तुमचेच आजोबा आहेत."

मधुकर आईकडे बघू लागला. ती थोडी थांबली, त्याला बोलायला पुरेसा वेळ दिला. मग आतल्या खोलीत जाऊन म्हाताऱ्याच्या पाया पडली.

"कोन वं तू?"

"पाहुणी आहे, आजोबा."

परतीच्या एस.टी.त बाप-लेक शेजारी बसले. कुसुमताईंना काय सांगायचं, हे दोघांच्याही मनात होतं.

"मी धोतरांवरच थांबलो," वामनराव एकदम म्हणाले. "रबर माझ्या नजरेतून सुटलं."

"तुम्ही टाकीमागे आलातच कधी?"

"जिना उतरताना लांबूनच पाहिलं. ओझरतं."

गोपिका हसली. मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने विचारलं. "बाबा, लढाईत दिल्लीला तुम्ही हेच करत होतात ना?"

वामनरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडाला धरून पाहिला, पुन्हा पुसला.

"तेव्हा," ते म्हणाले, "तू पाहिजे होतीस तिथे."