निम्मं निळं, निम्मं पाणी

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला लेकाकडे मी सहा महिन्यांसाठी गेले, ती २००४ची थंडी. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेली मी, आणि समोर खिडकीबाहेर एक बर्फाचा ढीग. दिवसभर तोच, पुढे कुणाची एंट्री नाही. मग सकाळचा चहा मी शेजारी सुलभाकडे घेऊ लागले.

सुलभा एकसष्टची. एकोणतीस वर्षं अमेरिकेत, पण गाडी कधी चालवली नव्हती. "मी आहे ना," राजाराम म्हणायचे, आणि ते होतेही. इंजिनिअर माणूस, बायकोला नेणं-आणणं घड्याळ लावून. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला, वाढत गेला, आणि आदल्या ऑगस्टात त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं. त्या रस्त्याला बस नव्हती. दुकान, दवाखाना, देऊळ, सगळं कुणाला तरी फोन करून.

"नंदाताई, फोन लावायच्या आधी मी वाक्य पाठ करते," सुलभा मला म्हणाली होती. "'तुम्ही तिकडे जाणारच असाल तर' असं सुरू करायचं."

आयुष्यभर मी पाठांतर केलं, पण असलं वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

समोरच्या घरातली नीला तिला गाडी शिकवत होती. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी अकराला टेस्ट होती. चुकली तर पुढची तारीख महिन्याने. आणि नीलाने बजावलं होतं, "काकू, आमच्या सेंटरचा परीक्षक आधी हॉर्न, दिवे, काचेवरचं पाणी, सगळं चालवून बघतो. एक बंद असलं तरी घरी पाठवतो."

म्हणून नऊ वाजता चहा आटोपून आम्ही गॅरेजमध्ये गेलो आणि सुलभाने गाडीत बसून काचेवर पाणी मारायचा दांडा ओढला. वायपर कोरडेच खरखरले. पाणी नाही.

राजाराम ओव्हरकोट घालून खुर्ची घेऊन आले. दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते.

"परत ओढ. श्श. ऐका, मोटर घुरघुरतेय. म्हणजे फ्यूज ओके. पाणी कुठेतरी अडलंय. बॉनेट उघड."

सुलभाने उघडलं. त्यांच्या सांगण्यावरून टाचणीने फवाऱ्याची दोन्ही भोकं साफ केली.

"ओढा, नंदाताई."

मी चालकाच्या जागी बसून दांडा ओढला. काही नाही.

"आता त्या भोकाखालची काळी नळी काढ. नाजूक हाताने, तुटेल."

"कणकेसारखी कडक झालीय."

"कणीक मऊ असते, सुलभा."

"माझी नसते. लग्नापासून खाताय ना?"

नळी निघाली. मी पुन्हा दांडा ओढला, तरी एक थेंब नाही. राजाराम उठले. चाचपत चाचपत बॉनेटखालच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, झाकण काढलं आणि विणायची सुई मागितली. ती आत सोडली. टक्क असा आवाज आला.

"बर्फ," ते म्हणाले. "अशक्य. ते निळं पाणी गोठत नाही, त्यासाठीच विकतात. काय ओतलंस तू?"

सुलभाने टाचणी डबीत ठेवली. मग म्हणाली, "निळंच. निम्मं."

"आणि निम्मं?"

"साधं. भांड्यांच्या साबणात घालते, शांपूत घालते, तसंच. पुरवठ्याला येतं."

"मिनेसोटात? पाणी?"

"ओरडू नका. इतकी वर्षं टाकी तुम्ही भरलीत. मला एकदा तरी बोलावलंत, बघ म्हणून? मला फक्त दार उघडून बसवायचात."

राजाराम सुई हातात धरून उभे राहिले. मी केस वाळवायचं मशीन आणून टाकीवर धरलं; दहा मिनिटांत फक्त माझी बोटं गरम झाली. टाकी खोल आत होती.

"दुपारपर्यंत सुटणार नाही," ते म्हणाले.

दहाला नीला आली. तिची गाडी म्हणजे आठ जणांची व्हॅन. "काकू, हिच्यावर देता?"

"ही मी कधी चालवली नाही."

"मग कॅन्सल करू?"

सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "नको," ती म्हणाली आणि व्हॅनमध्ये चढली. शिडी चढावी तशी.

आम्ही दोघं खिडकीशी बसलो. मला गाडी येत नव्हती, त्यांना दिसत नव्हतं. काही झालंच असतं तर त्या घरातून आम्ही कुठेच जाऊ शकलो नसतो. ते दर पाच मिनिटांनी वेळ विचारायचे, आणि मी थोडी पुढची सांगायचे.

सव्वाबाराला ती आली. बूट काढता काढता म्हणाली, "नापास. रस्त्यावर सगळं बरोबर होतं. दोन खांबांमध्ये लावायला सांगितली, मागचा खांब आडवा केला."

"पुढची तारीख?"

"अठरा मार्च."

राजारामनी थोडा वेळ टेबलावर हात फिरवला. "चूक टाकीची नव्हती," ते म्हणाले. "चल गॅरेजमध्ये."

"नीला जेवायला गेली. लायसन्सवालं कुणी शेजारी नसताना कसं—"

"इंजिन बंद ठेवून."

ती चालकाच्या जागेवर बसली, ते शेजारी. काच खाली करून त्यांनी मला हाक मारली, "नंदाताई, तुम्ही मागे उभ्या राहा. खांब म्हणून."

राण्या, विधवा, एकदा देवीसुद्धा केली, खांब पहिल्यांदाच. गाडी जागची हलत नव्हती. राजाराम सांगत होते, "आता पूर्ण उजवीकडे. मान वळव. आता सोड, हळू." जड झालेलं स्टिअरिंग सुलभा दोन्ही हातांनी ओढत होती. तासभर थंडीत एकही चाक न फिरता ती गाडी त्या जागेत शिरत राहिली.

"ताई, कुठवर आले?" तिने मान वळवून विचारलं.

"दोन हात लांब आहेस अजून," मी म्हणाले. "ये."